वहिनींचा उंबरा

"दिलीपभाऊ, जल्दी निघा... भाभी गेल्या." वहिनींच्या शेजारच्या रफिकभाईंचा फोन आला तेव्हा मी आरशासमोर अर्धी दाढी करून उभा होतो. दुसऱ्या गालावरचा साबण तसाच ठेवून मी नुसता नळाकडे बघत राहिलो. नळ चालूच होता. पाणी बेसिनमधून खाली जात होतं आणि ते कुठं जातं याचा मी आयुष्यात कधी विचार केला नव्हता. ज्या बाईला शेवटची काही वर्षं दुसरा विचारच करता आला नाही, ती गेली होती. आदल्या संध्याकाळीच मी नवीन जालन्यातून पूल ओलांडून जुन्या जालन्यात त्यांना बघायला गेलो होतो. आभाळ भरून आलं होतं. वहिनींना मानही उचलता येत नव्हती, पण डोळे खिडकीकडे होते. मला म्हणाल्या, "भाऊजी, न्हाणीवर दगड ठिवला का?" मी म्हटलं, ठेवला. "बोळा घट्ट हाय ना?" मी चिडलो. म्हटलं, "वहिनी, त्या बोळ्याचं सोडा, आधी स्वतःचं बघा." त्या कशाबशा हसल्या. आमच्यातलं शेवटचं बोलणं हे असं, न्हाणीच्या बोळ्याबद्दल. याचा मला आजही संताप येतो आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

चंद्रकलावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची बायको. माहेर वाटूरचं. त्या लग्न होऊन आमच्या घरी आल्या तेव्हा मी शाळेत होतो आणि त्यांच्या हातची गरम भाकरी मिळावी म्हणून शाळेतून पळत यायचो. घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी होती. अण्णा दगडाला टाकी लावायचा, पट्टा बघायचा, पण गिरणी खरी चालवली ती वहिनींनीच. केसांवर, भुवयांवर पीठ बसलेलं, आणि त्या घरघराटाच्या वर चढलेला त्यांचा आवाज. कुणाच्या डब्यात ज्वारी आणि कुणाच्या डब्यात बाजरी हे त्या झाकणावरून सांगायच्या. माझं लग्न झालं, पुढे मी बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला लागलो, पुलापलीकडे फ्लॅट घेतला, तरी आमचं दळण त्यांच्याकडेच जायचं. "भाऊजी साहेब झाले, पण भाकरी आमच्याच पिठाची," असं त्या चार बायांत ऐकवायच्या. मला ते आवडायचं.

गल्ली तशी नदीकडे उतरणारी आणि आमचं घर खालच्या अंगाला. मधून उघडी नाली वाहायची. वाहायची म्हणजे साचायची. डास, घोंगावणाऱ्या माश्या, त्यावरून उड्या मारत शाळेत जाणारी पोरं, आणि दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या घरात तापानं फणफणणारं एखादं लेकरू. अण्णाची मुलगी मीरा लहानपणी अशाच तापात जाता जाता वाचली. त्यानंतर वहिनींनी पदर खोचला. दळणाला येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या सांगायच्या, उद्या नगरपालिकेत चला. डबा ठेवून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "आधी कबूल करा, मंग दळून देते." अशा त्या बाया घेऊन गेल्या, परत गेल्या, पुन्हा पुन्हा गेल्या. शेवटी तिथला शिपाईसुद्धा त्यांना बघून खुर्ची पुढं करू लागला. आणि गल्लीला झाकलेली पक्की नाली मंजूर झाली.

भूमिपूजनाला हार आले, सतरंजी आली. नारळ कुणी फोडायचा यावर जरा खेचाखेची झाली, तेव्हा रफिकभाईच पुढं होऊन म्हणाले, "भाभींच्या हातानं होऊ द्या. त्यांनीच आणली नाली." वहिनींनी ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती. आमच्या दारासमोर दगड मांडला होता, त्यावर त्यांनी एका घावात नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा आधी माझ्या हातावर ठेवला. मी खोटं कशाला बोलू? त्या नालीनं गल्ली सुधारली. वास गेला, डास कमी झाले, वरच्या अंगाच्या बायांना दारात बसून भाजी निवडता येऊ लागली. फक्त नालीची कड आमच्या ओट्यापेक्षा वीतभर वर आली. कामावरचा माणूस म्हणाला, उतार जुळवायला तेवढं करावंच लागतं. अण्णानं लाकडी उंबऱ्यावर विटांचा एक थर बसवला आणि विषय संपला, असं आम्हाला वाटलं.

विषय तिथून सुरू झाला होता. पुढं रस्ता डांबरी झाला. मग भुयारी गटार आलं, त्यासाठी तो रस्ता फोडला, चर बुजवला आणि वरून सिमेंटचा रस्ता केला. दरवेळी आधी सांगायचे की जुना थर खोदून काढू, आणि दरवेळी जुन्यावरच नवा पडायचा. दरवेळी नारळ वहिनींच्या हातात. आता ती रीतच झाली होती. रस्ता वर गेला आणि घर जागच्या जागी खाली गेलं. ओटा गाडला गेला. पूर्वी ओट्यावर चढून घरात जायचो, आता रस्त्यावरून पायऱ्या उतरून जायची वेळ आली. उंबऱ्यावर थरावर थर चढत गेले. तो उंबरा राहिलाच नव्हता, गुडघ्याला लागणारा बांध झाला होता. वहिनी रोज तो दारामागच्या खिळ्यावरच्या फडक्यानं पुसायच्या आणि अंगण उरलं नाही म्हणून त्या विटांवरच बोटभर रांगोळी काढायच्या. येणाऱ्या प्रत्येकाला आतून आवाज यायचा, "पाय उचला!" दळणवाली असो, पोस्टमन असो की नगरसेवक. एकदा कुणीतरी सल्ला दिला म्हणून मधल्या खोलीत भराव टाकून फरशी वर घेतली. मग छत खाली आलं. पंखा काढावा लागला. अण्णा आमच्यात सगळ्यात उंच, तो स्वतःच्या घरात वाकून चालायला लागला. मला म्हणायचा, "दिल्या, घर मला रोज नमस्कार करायला लावून राह्यलं." हसत म्हणायचा, पण त्याचं हसणं मला बघवायचं नाही. तो गेला तेव्हा त्याला अंघोळ घालायला तरी बाहेर थोडी जागा होती.

तक्रार केली नाही असं नाही. तोवर नगरपालिकेची महानगरपालिका झाली होती. एक तरुण इंजिनिअर आला, चांगला मुलगा होता. चप्पल काढून आत आला, वाकून न्हाणी बघितली, चहा घेतला. म्हणाला, "काकू, मेन चेंबरची पातळी ठरलेली आहे. सगळ्या गल्लीचं पाणी तिकडं न्यायचं तर नाली एवढी वर घ्यावीच लागते. खालच्या चार-सहा घरांसाठी अख्खी गल्ली खाली नाही करता येत." त्याचं गणित चुकीचं नव्हतं, हेच माझ्या डोक्यात बसत नव्हतं. मी ताडताड बोललो. वहिनींनी मला गप्प केलं. तो गेल्यावर म्हणाल्या, "त्याला काय बोलता भाऊजी? नाली मीच मागितली. नारळ माझ्या हातानं फुटला. आता मी कोन्या तोंडानं म्हनू की नको होती?"

घरातलं पाणी नालीत जायचं बंद झालं, कारण नाली वर आणि न्हाणी खाली. आणि नाली तुंबली की न्हाणीच्या भोकातून सगळ्या गल्लीचं पाणी उलटं घरात यायचं. कुणी कपडे धुतले, कुणी भांडी घासली, त्याहून वाईटही काय काय, ते सगळं वहिनींच्या घरात वर यायचं. त्यांनी जुन्या साडीचा बोळा केला, तो भोकात ठोकला आणि त्यावर सासूच्या वेळचा जात्याचा वरचा दगड ठेवला. तेव्हापासून त्या परातीत बसून अंघोळ करायच्या आणि ते पाणी बादलीत भरून, पायऱ्या चढून नालीच्या जाळीत ओतायच्या. भांड्यांचं पाणी तसंच, कपड्यांचंही तसंच. सकाळी घंटागाडी गाणं वाजवत वर उभी राहायची. इतरांनी ओला कचरा वेगळा आणि सुका वेगळा आणून द्यायचा. आमच्या वहिनी एका हातात कचरा, दुसऱ्या हातात पाणी घेऊन वर यायच्या. शहर स्वच्छ करायच्या कामात त्यांच्याइतकं कुणी राबलं नसेल, असं मी चेष्टेनं म्हणायचो. त्या म्हणायच्या, "मंग मला बी एक झाडू द्या ना फोटोत." पुढं मी ती चेष्टा बंद केली.

सगळ्यात वाईट दिवस गिरणी बंद केली तो. मोटर चौथऱ्यावर चढवली होती, तिला काही झालं नव्हतं. पण एका पावसात बोळा निसटला आणि काळं पाणी गिरणीच्या खोलीत आलं, दळणाच्या डब्यांच्या बुडाला लागलं. वहिनींनी सगळे डबे वर उचलले, पुसले, घरोघरी परत नेऊन दिले. दुसऱ्या दिवशी एक-दोन बाया तरीही दळण घेऊन आल्या, वर रस्त्यावर उभ्या राहून हाका मारू लागल्या. त्या खालून म्हणाल्या, "बाई, असल्या पान्याजवळ दळलेलं पीठ मी तुमच्या लेकराच्या तोंडात कसं घालू? दुसरीकडं जा." मग दाराची कडी लावून घेतली. मी गेलो तेव्हा त्या पट्टा काढून मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पंचेचाळीस-पन्नास वर्षांचा घरघराट थांबलेला आणि त्या शांततेत जात्याच्या दगडाखाली पाणी बुडबुडत होतं. मी म्हटलं, "आता बास झालं. माझ्याकडं चला, दुसरा मजला आहे, पाणी यायचं कारण नाही." मीराही छत्रपती संभाजीनगरहून येऊन विनवून गेली होती. त्या म्हणाल्या, "भाऊजी, मी तिकडं येईन. मंग आभाळ आलं की माझा जीव हितं पळन. म्या तिथं बसून काय करू? अन् बंद घर कोन वाचवीन?" त्यांच्यापुढं मी हात टेकले.

अखेर व्हायचं तेच झालं. अवकाळी पाऊस झाला, पाणी आलं. वहिनी एकट्याच बादलीनं उपसत होत्या. उंबरा ओलांडला, पण वरच्या ओल्या पायरीवरून घसरल्या आणि त्या विटांवरच आदळल्या. रफिकभाई आणि त्यांची सून यांनी उचललं. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण नंतर छातीत कफ धरला, आणि त्या घरी न्या, घरी न्या एवढंच म्हणत राहिल्या. आम्ही घरी आणलं. स्ट्रेचर त्या दारातून आत जाईना, म्हणून चादरीत घालून नेलं. तशातही त्यांनी उचलणाऱ्या पोरांना हलक्या आवाजात सांगितलं, "पाय उचला रे..."

त्या गेल्या त्या सकाळी बायांनी त्यांना अंघोळ घालायला घेतलं. तीर्थपुरीहून आलेल्या आमच्या आत्याबाईंना काही ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलं, "पानी कुठं जाईन हे?" एकीनं न्हाणीवरच्या दगडाकडे बोट केलं. दगड काढला असता तर नालीचं पाणी वर आलं असतं, वहिनींच्या अंगाला लागलं असतं. मीरानं तोंडाला पदर लावला. शेवटी मोठ्या घमेल्यात धरून ते पाणी दारापाशी आणलं आणि मी ते वर नेलं. हळद-उटण्याचा वास येणारं कोमट पाणी. जाळीपाशी उभा राहिलो आणि ओतवेना. मागून रफिकभाई म्हणाले, "डालो भाऊ... उनका आखरी पानी है, बह जाने दो." मी ओतलं. ते कुठं अडलं नाही, उलटं आलं नाही, एका दमात खाली गेलं. जिच्या खटपटीनं ती नाली झाली, तिच्या अंगावरचं शेवटचं पाणी त्या नालीला असं मला हातानं नेऊन द्यावं लागलं... मी तिथंच रस्त्यावर बसलो आणि लाज न बाळगता रडलो.

आता घराला कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे. आभाळ आलं की मी जाऊन बोळा बघून येतो. आत वाचवायला एक बंद गिरणी आहे, बाकी काही नाही. बायको विचारते, कशाला जाता? मी किल्ली घेतो आणि निघतो.

परवा रफिकभाईंनी बोलावून घेतलं. रस्त्याचं नवं काँक्रीट आणि बाजूची नाली पुन्हा मंजूर झाली होती. तीच सतरंजी, आमच्या दारासमोर तसाच दगड. तो इंजिनिअरही होता. "भाभी न्हाईत, तुम्हीच फोडा," गल्लीवाले म्हणाले. मी इंजिनिअरला बाजूला घेऊन विचारलं, "किती वर येईल?" तो बुटांकडे बघत म्हणाला, "फार नाही, काका." नारळ त्याच्या हातात परत द्यावा असं फार वाटलं. पण समोर बाया उभ्या होत्या, खालच्या अंगाच्या घरांतल्यासुद्धा, कडेवर लेकरं घेऊन, आणि त्यांच्या तोंडावर अगदी तीच आशा होती जी त्या हिरव्या साडीतल्या बाईच्या तोंडावर मी बघितली होती. मी नारळ फोडला. टाळ्या वाजल्या. पाणी दगडावरून सांडलं, उताराला लागलं, पायऱ्यांवरून खाली ओघळलं आणि वहिनींच्या उंबऱ्याशी जाऊन थांबलं. मी किल्ली काढली, खाली उतरलो, कुलूप काढलं आणि पाय उचलून आत गेलो. दारामागच्या खिळ्यावर फडकं तसंच होतं. ते घेतलं आणि उंबरा पुसायला बसलो.