डाव्या हाताने ठेवलेली स्टिक

त्या संध्याकाळी माझ्या भावाने हॉकीची स्टिक कट्ट्यावर ठेवली आणि नंतर उचलली. दुसऱ्या दिवशी तो सांगलीला गेला. त्याच्या बदल्यात सांगलीहून गोलकीपर आला.

घडलं ते एवढंच. कुणाला सांगायला गेलं की ऐकणारा विचारतो, मग त्यात काय एवढं? त्याचंही चुकत नाही. म्हणून मी हे सांगणं सोडून दिलं. लिहायला बसले आहे, आणि तेही सावकाश.

सातारला आमच्या पेठेत घराच्या भिंतीला लागूनच पायऱ्यापायऱ्यांचा दगडी कट्टा होता. माझ्या खोलीची खिडकी बरोबर त्याच्यावर उघडायची. पेठेचा हॉकीचा संघ होता. त्याला अध्यक्ष, सेक्रेटरी वगैरे सगळे होते, पण ते कागदावर. संघात कोण राहणार, कोण जाणार, हे ठरायचं कट्ट्यावर. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. खिडकीशी बसून वाचत असे, आणि खालचं सगळं ऐकू येत असे. कट्ट्यावरच्यांना ते ठाऊक होतं. त्यांनी त्यासाठी कधी आवाज कमी केला नाही.

आपण हॉकीचा विश्वचषक जिंकलो त्या वर्षीची ही गोष्ट. सायकलच्या दुकानातल्या रेडिओवर सगळ्यांनी मिळून तो सामना ऐकला होता, आणि तेव्हापासून प्रत्येकाला आपण स्वतःच मैदानात उतरून आल्यासारखं वाटत होतं. सायकलचं दुकान चाचांचं. तरुणपणी ते स्वतः चांगले खेळायचे, म्हणून त्यांना थोडं कमी बोलावं लागायचं. जास्त बोलायचा तो शिंपी. त्याने आयुष्यात स्टिक हातात धरली नव्हती, पण संघाचे शर्ट तोच शिवायचा, त्यामुळे प्रत्येक खेळाडूच्या अंगाची मापं त्याला पाठ होती. आणि सगळ्यांच्या वर, अगदी वरच्या पायरीवर, सुभेदार. पलटणीच्या संघातून खेळलेले, निवृत्त होऊन परत आलेले. वाद कितीही चालला तरी शेवटचा शब्द त्यांचा.

भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. लेफ्ट इनच्या, म्हणजे आघाडीतल्या डावीकडच्या जागेवर खेळायचा. जन्मतः डावरा. लहानपणी आईने त्याचा डावा हात पदराच्या टोकाने बांधून त्याला उजव्या हाताने जेवायला शिकवलं. शाळेत मास्तरांनी पट्टीने उरलेलं काम केलं. हॉकीत मात्र त्याला कुणी अडवलं नाही. हॉकीची स्टिक धरताना डावा हात वर असतो, आणि स्टिक फिरवायचं काम तोच करतो. उजवा नुसता आधाराला. सुभेदारच एकदा म्हणाले होते, "ह्याचा डावा हात सोन्याचा हाय." ते त्याने घरी येऊन मला दोनदा सांगितलं.

त्या पावसाळ्यात आमच्या गोलकीपरचा गुडघा गेला. सांगलीकडच्या एका साखर कारखान्याच्या संघात दोन गोलकीपर होते. त्यातला एक मूळचा वडूजकडचा, त्याला घराजवळ यायचंच होतं. कारखान्याने निरोप पाठवला : तुमचा लेफ्ट इन द्या, आमचा गोलकीपर घ्या. पोराला कारखान्यात कामाला लावतो.

असा बदल करायचा तर आमच्या कट्ट्याची एक रीत होती. ती तालमीतून आली असं म्हणत. पाठीमागे बोलायचं नाही, तोंडावर बोलायचं. ज्याच्याबद्दल बोलणं चालू आहे त्याने स्टिक घेऊन खालच्या पायरीवर बसायचं, आणि सगळं संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. त्याच्या घरच्यांनीही नाही. मात्र त्याला जायचं नसेल तर त्याने स्टिक सुभेदारांच्या पायांपुढे आडवी ठेवायची. ठेवली की बोलणं बंद. मग त्याला कुणी पाठवत नसे. मागे एका हाफबॅकने अशी ठेवली होती, आणि तो राहिला होता.

तर माझा भाऊ रोज संध्याकाळी खालच्या पायरीवर बसू लागला. मला वरून त्याचं डोकं आणि दोन कान दिसायचे.

"आवं सुभेदार, पोरगं अजून वाढतंय," चाचा म्हणायचे. "गाभण म्हस कुनी बाजारात न्हेतं का?"

"म्हस तरी दूध देती," शिंपी म्हणायचा. "ह्यो गोलपुढं गेला की देवापुढं गेल्यागत हुतंय. हात जोडून उभा."

लोक हसायचे.

"गेल्या हंगामात त्यानंच गोल मारल्यात की रं."

"मारल्यात. कुनाच्या म्होरं? शाळंच्या पोरांच्या. मी छाती मापलीया ह्याची. गेल्या साली मापली, औंदा मापली, टेप तिथंच. शर्टाचं कापड उरतंय, त्यात माझ्या धाकट्याची चड्डी निघती."

पुन्हा हसणं. भावाचे कान लाल झालेले मला दिसायचे. तो मान खाली घालून स्टिकच्या मुठीवरची पट्टी सोडायचा आणि पुन्हा गुंडाळायचा.

सुभेदार शिंप्यासारखे टवाळ नव्हते. ते शांतपणे बोलत, आणि ते जास्त लागत असे. "खेळाडू चांगला हाय," ते म्हणाले. "पर चांगला म्हंजे किती? गोलकीपर न्हाई तर टीम म्हंजे बिनदाराचं घर. कुत्रं बी आत येतंय. दाराच्या बदल्यात खिडकी गेली तर गेली."

हे त्यांनी त्याच्याकडे बघत सांगितलं. रीतच तशी होती.

आबा, म्हणजे आमचे वडील, दारात उभे राहून ऐकायचे. ते कचेरीत कारकून होते. त्यांना रीतीप्रमाणे बोलता येत नव्हतं आणि बोलायचंही नव्हतं. कारखान्यातली नोकरी त्यांना हवी होती. घरात ते एकदाच म्हणाले, "लोक नोकरीसाठी पाया पडतात. ह्याला ती चालत आलीय." ते खरंच होतं. आईनेही मान हलवली.

शेवटच्या दिवशी दुपारी तो माझ्या खोलीत आला. खिडकीशी उभा राहून खाली रिकाम्या कट्ट्याकडे बघत म्हणाला, "आक्का, मी आज स्टिक ठेवणार."

"एवढं बोलतात ते तुला. तरी?"

"बोलतात, पण बघतात ना. शिंपी सुद्धा माझा एक सामना चुकवत नाही. सांगलीत मला कोण बघणार?"

मला तेव्हा ते पोरकट वाटलं. आता वाटत नाही. एखादा माणूस रोज तुमची खोड काढतो, कारण तो रोज तुमच्याकडे बघतो. आणि विशीच्या आतल्या मुलाला ते बघणं लागतं.

संध्याकाळी कट्टा भरला. चाचा दुकान लवकर बंद करून आले. गोलकीपरची तारीफ झाली, भावाची मापं निघाली. शिंप्याने उठून त्याच्या धावण्याची नक्कल केली, कोपर बाहेर काढून, पाय फेंगडे टाकून. लोक हसून हसून वाकले. आणि त्या हसण्यातच माझा भाऊ उठला, दोन पायऱ्या चढला, आणि त्याने स्टिक सुभेदारांच्या पायांपुढे आडवी ठेवली.

हसणं थांबलं. चाचांनी हात वर केला, "झालं. संपलं. राहतंय पोरगं."

"थांबा की चाचा," शिंपी म्हणाला. "सुभेदार, डाव्या हातानं ठेवलीया."

सगळ्यांनी त्याच्या हाताकडे पाहिलं. तो अजून पुढे होता. घाईत जो हात आपला तोच पुढे जातो.

सुभेदारांनी जरा विचार केला. खरंच विचार केला, मी पाहत होते. मग म्हणाले, "डाव्या हातानं सलाम हुतोय का? परसाद कोन डाव्या हातात घेतंय? ही मोजायची न्हाई. उचल. उजव्यानं ठेव."

कुणीतरी मागून ओरडलं, "हात धुवून ठेव रं!" आणि कट्टा पुन्हा फुटला. आता हसण्यात वाईटपणा फारसा नव्हता. त्यांच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता. उचलायची, हात बदलायचा, ठेवायची. चाचा तर पुढे वाकून म्हणाले, "ठेव बेटा, उजव्यानं ठेव. त्यात काय हाय?"

भावाने स्टिक उचलली. ती हातात धरून तो उभा राहिला. मी खिडकीचे गज धरले होते. सगळे वाट बघत होते. सुभेदारांनी आपले पाय जरा मागे घेऊन जागा केली.

"न्हाई," भाऊ म्हणाला. "जातो मी."

आणि स्टिक काखेत मारून तो दारात उभ्या असलेल्या आबांच्या शेजारून घरात आला.

"बघा," बाहेर सुभेदार म्हणत होते. "मनातनं जायाचंच हुतं. न्हाईतर उजव्यानं ठेवायला काय दुखत हुतं?"

सगळ्यांना ते पटलं. चाचांनाही, बहुतेक. पेठेत आजही कुणी जुना माणूस भेटला तर असंच सांगतो : आम्ही राहा म्हणत होतो, त्यालाच जायचं होतं.

रात्रीचं जेवण झालं. तो उजव्या हाताने भाकरी मोडून जेवला. मला एवढंच म्हणाला, "आक्का, ज्या हाताला सोन्याचा म्हणले, तोच मोजला नाही." नंतर हा विषय त्याने कधी काढला नाही.

पुढच्या हंगामात कारखान्याचा संघ आमच्या मैदानावर खेळायला आला. अख्खा कट्टा मैदानाच्या कडेला जाऊन बसला. भाऊ राखीव होता. कारखान्यात लेफ्ट इनला आधीच एक जुना खेळाडू होता. भावाला त्यांनी पुढच्या काळासाठी घेतलं होतं. मध्यंतरात तो इतरांना पाणी देत होता तेव्हा शिंपी ओरडला, "ए डावऱ्या, आमाला बी आन की!" त्याने हसून हात केला.

शेवटच्या काही मिनिटांत त्याला मैदानात घेतलं. एक चेंडू त्याच्या डाव्या बाजूला आला, जिथे इतर खेळाडू अडखळतात. त्याने स्टिक उलटी फिरवून तो उचलला, दोघांना मागे टाकलं आणि गोलपुढे आला. पुढे आमचा गोलकीपर. म्हणजे त्याच्या बदल्यात आलेला. भावाने फटका मारला, तो बरोबर गोलकीपरच्या पॅडवर बसला.

कट्टा नाचला. टोप्या उडाल्या. "फिटला गड्या सौदा! फिटला!" शिंप्याने सुभेदारांना मिठी मारली. एक फटका अडला, आणि कट्ट्यावरच्या त्या साऱ्या संध्याकाळींच्या वादाचा निकाल लागला.

शिंपी रात्री मुद्दाम आमच्या दारात आला. "वाईट वाटून घिऊ नगंस," तो म्हणाला. "तू बी चांगलाच हुतास. ह्यो जास्त चांगला हाय, इतकंच."

"व्हय," भाऊ म्हणाला.

मग त्याने हॉकी सोडली. कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या गाड्या मोजायचं काम करत राहिला. सुट्टीला यायचा तेव्हा कट्ट्यावरून न जाता मागच्या बोळातून घरात यायचा. एका थंडीत त्याला कावीळ झाली. त्याने अंगावर काढली. मिरजेच्या दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. तो पंचविशीही गाठू शकला नाही.

दहावा माहुलीला, नदीकाठी केला. आबांनी पिंड ठेवले. कट्टा सगळा आला होता. दुःखाच्या वेळी तो कधी मागे राहिला नाही. कावळे झाडावर होते, पण पिंडाला शिवेनात. आबा म्हणाले, "तुझ्या आक्काचं लगीन लावतो." कावळा आला नाही. "आईला जपतो." नाही. ऊन वर चढलं. भटजी घड्याळाकडे बघू लागले.

बाजूला उभे असलेले चाचा हळू आवाजात म्हणाले, "त्याला ऱ्हायाचं हुतं. तुमी त्याची स्टिक मोजली न्हाई, सुभेदार."

"नेम म्हंजे नेम," सुभेदार म्हणाले.

"कसला नेम? कुठं लिवलाय?"

"चाचा, आवो तसं म्हनू नका," शिंपी मध्ये पडला. "गोलकीपर न्हसता तर गेल्या साली आपन फायनलला तरी गेलो असतो का? सौदा बरोबरच हुता. मेलेल्याचं वाईट बोलू न्हाई, पर त्यो फटका त्यानं पॅडवरच हाणला का न्हाई, सांगा."

"त्यो फटका उजवीकडं मारायला पायजे हुता," सुभेदार म्हणाले.

चाचांचा आवाज चढला. शिंप्याचाही. आणखी दोघेतिघे आले. त्या फटक्याला किती कोन होता, गोलकीपर किती पुढे आला होता, हे ते वाळूत काटकीने रेघा ओढून दाखवू लागले. आबा हात जोडून तसेच बसले होते.

त्या गडबडीत कावळा येऊन गेला. "शिवला, शिवला," भटजी म्हणाले. कोणत्या शब्दावर शिवला ते कुणी पाहिलं नव्हतं. आम्ही उठलो, लोक आंघोळीला नदीत उतरले. पाण्यातही त्यांचं बोलणं चालूच होतं.

सुभेदार गेले, शिंपी गेला, चाचा गेले. आई-आबाही गेले. संघ कधीच बंद पडला. गोलकीपर वडूजला आहे असं ऐकते. कट्टा आहे. स्टिक माझ्या खोलीत भिंतीला टेकून उभी आहे. ती मी आजवर आडवी ठेवलेली नाही.