कातळावरची नखभर कड

माझी आत्या चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासते. पुढे गिऱ्हाईक आरशात स्वतःला निरखत असतं आणि मागे ही फ्रेमच्या मापानं फिरत्या चाकावर काच धरून असते. घासून झाली की कडेवरून अंगठा फिरवते. कुठे टवका उडालाय, कुठे चाक जास्त लागलंय, हे तिला अंगठ्यालाच कळतं. दुकानाच्या मालकाचा डोळे तपासायच्या यंत्रापेक्षा त्या अंगठ्यावर जास्त विश्वास आहे.

ही नोकरी तिला बाबांनी लावून दिली. बाबा म्हणजे तिचा दादा. तिची राहती खोली त्यांनीच शोधली आणि एकदा जमत आलेलं लग्न चौकशा करून त्यांनीच मोडलं. बाबा माणूस वाईट नाहीत, पण बहिणीचा घास चावून द्यायचा तेवढा त्यांनी बाकी ठेवला होता. धंदा दगडाचा: पायऱ्या, ओटे, खिडक्यांच्या चौकटी. कातळ चढायलाही तिला त्यांनीच शिकवलं. तिरकी चीर मात्र तिची तिनं निवडली. मला वाटतं, आयुष्यात दादाला न विचारता तिनं निवडलेली ती एकच गोष्ट.

तिरकी चीर ही काही फार मोठी चढाई नाही. एका दोराच्या लांबीत संपते. डोंगराच्या खांद्यावर सरळ उभा कातळ, त्यात डावीकडून उजवीकडे जाणारी भेग. पुढे चढणाऱ्यानं भेगेत धातूच्या पाचरी बसवायच्या, त्यांना कडी लावून दोर अडकवायचा, आणि मागून येणाऱ्यानं सगळ्या पाचरी काढून आणायच्या. दगडाला भोक पाडायचं नाही, हत्यार लावायचं नाही. आमच्या गिर्यारोहण मंडळाचा नियम हा एवढाच, आणि तो मोडणाऱ्याशी कोणी दोर बांधत नाही.

दोन तृतीयांश उंचीवर भेग मिटते. तिथे उंच माणूस हात लांबवून वरची खोबण पकडतो आणि मोकळा होतो. आत्या बुटकी. तिचा हात वीतभर कमी पडायचा. तिच्यासाठी मध्ये एकच आधार होता, नखाएवढी कड, तीही उतरती. तिथून ती बारा वर्षं पडत आली. खालची पाचर तिला धरायची, ती दोरावर लोंबकळायची, श्वास घ्यायची आणि म्हणायची, ‘पुन्हा एकदा.’ मंडळात तिचं नावच ‘पुन्हा एकदा’ पडलं होतं. दोर दर वेळी बाबांच्या हातात असायचा.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी तिला खांदा जपायला सांगितलं. तिनं जाहीर केलं, हे शेवटचं वर्ष. जमलं तर जमलं.

त्या शेवटच्या प्रयत्नाच्या आदल्या आठवड्यात बाबा एकटेच डोंगरावर गेले. निघताना दोराच्या पिशवीत त्यांनी फडक्यात गुंडाळून काहीतरी घातलं. फडकं सुटलं तेव्हा मला सगळ्यात बारीक छिन्नी दिसली. मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, आत्याला सांगू नकोस. मी मूर्ख नव्हते, मला कळलं होतं. तरी अळीमिळी गुपचिळी.

पुढच्या रविवारी आत्या वर पोचली. कडेवर तिची दोन बोटं बसली, पाय उचलला, खोबण हातात आली, आणि खाली उभे असलेले आम्ही ओरडलो. माथ्यावर बसून ती हमसून रडली. तिचा तो फोटो मालकानं दुकानातल्या आरशाशेजारी लावला. डोळे तपासायला आलेल्या म्हाताऱ्यांनाही तो बघावा लागायचा. वर्षभर ती इतकी ताठ चालायची की उंच वाटायची.

मग यंदा मंडळात आलेल्या एका नव्या मुलीला तिरक्या चिरेवर पुढे चढायला देऊन आत्या मागून पाचरी काढत गेली. या वेळी दोर वरून होता, घाई नव्हती, भीती नव्हती. मिटलेल्या भेगेपाशी ती थांबली. मुलीनं वरून दोनदा विचारलं, काय झालं? आत्या कडेवरून अंगठा फिरवत होती.

डोंगरावरून ती थेट आमच्याकडे आली. बाबा अंगणात ओट्याची फरशी घासत होते. तिनं चप्पलही काढली नाही.

“दादा, ती कड तू कापलीस.”

कुठली कड, असं त्यांनी विचारून पाहिलं. तिनं त्यांचा हात धरून फरशीच्या कडेवर ठेवला. “हाच हात आहे. ताजा काप लपवायला तू चिखल चोळलास, डोळे फसले. अंगठा कसा फसेल?”

बाबांनी फरशीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, बारा वर्षं तुला पडताना मीच बघितलंय, खांदा गेला होता, मला बघवत नव्हतं. दुसऱ्या कोणासाठी मी दगडाला हात लावला असता का?

“पडत होते ती मी होते,” आत्या म्हणाली. “चढली ती कोण?”

त्यावर बाबांनी जे केलं ते फक्त दगडाचा कारागीरच करू शकतो. ते म्हणाले, भरून देतो. दगडाची पूड आणि गोंद लावून होती तशी करतो, कोणाला कळणार नाही.

आत्या हसली. असं हसू मला पुन्हा बघायचं नाही. “माझी चीर आता जगात कुठेच नाही, दादा. मी उद्या विशीची झाले तरी मला ती चढता येणार नाही.”

दुसऱ्या दिवशी फोटो उतरला. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापणाऱ्याला वाटत होतं आपण मफलर बांधतोय. मी बाबांवर महिनाभर आग पाखडली. मला तो अधिकार नव्हता, म्हणून आवाज जास्तच चढला असेल.

खांदा दुखत असूनही आत्यानं चढणं सोडलं नाही. बाबांशी ती बोलते, जेवायला येते, पण दोर त्यांच्या हातात देत नाही. आता तो मी धरते. मागच्या रविवारी दुसऱ्या एका कातळाखाली तिनं कमरेची गाठ बांधली आणि तपासायला माझ्यापुढे धरली. मी गाठ ओढून बघत असताना तिनं विचारलं, “तुला माहीत होतं?”

हो म्हटलं असतं तर तिच्याकडे दोर धरणारं कोणीच उरलं नसतं.

“नाही,” मी म्हटलं.

तिनं मान हलवली, माझ्या हातातल्या दोराकडे एकदा बघितलं आणि चढायला लागली.