खेकड्यापायी फुटलेला बांध

आमच्या घरात शेताचा बांध बुजवायचं काम मला कुणी सांगत नाही. त्याला एक खेकडा कारण आहे.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी आठवडाभर कल्याणच्या कारखान्यात, शेतकरी फक्त रविवारचा! शेणवे गावाजवळच्या आमच्या खाचरात भात पोटरीला आलेलं आणि पावसाने ऐन वेळी दडी मारलेली. खाचरात वीतभर पाणी होतं. ते टिकलं तर दाणा भरणार, नाहीतर नुसता पेंढा! नेमकी तेव्हाच बांधाला गळती लागली. पाणी चाललं खालच्या दामूकाकांच्या खाचरात. (काका माझे सख्खे चुलते. त्या दिवशी त्यांना आमच्याबद्दल फार माया वाटत होती.)

"खेकड्याचं बीळ हाय," आबा म्हणजे माझे वडील म्हणाले. "गवत नि चिखल कोंब, टाचेने दाब. झालं!"

"नाय आबा! खेकडा आत राहिला तर उद्या परत पोखरेल. आधी त्याला काढतो."

मी पहार उचलली. पाणी वाचवायचंच, असा पणच केला होता. (कालवणाचा विचार मनात नव्हता, असं शपथेवर सांगणार नाही.)

बिळात हात घातला. बोट लागलं की खेकडा आणखी आत! मी आणखी खणलं.

"अरे, बांध बुजवतोस का विहीर खणतोस?" आबा ओरडले.

"आला, आला... आई गं!"

खेकड्यानेच मला धरलं होतं! मी हिसका दिला, धपकन पोकळ बांधावर आपटलो, आणि बांध माझ्यासकट काकांच्या खाचरात गेला!

पाणी भडाभडा वाहायला लागलं. मी रडायचाच बाकी होतो. तेवढ्यात माझी बायको वंदना पदर खोचून धावत आली आणि भगदाडात चक्क फतकल मारून बसली.

"बघताय काय? चिखल टाका!"

"तुझ्यावर?"

"मग काय आभाळावर?"

आबा नि मी फावड्याने चिखल ओढत राहिलो. कमरेपर्यंत थापल्यावर तिला उपटून काढली. (शब्द तिचाच.) निम्मं पाणी वाचलं, निम्मं भात पिकलं. काकांचं खाचर मात्र लोंब्यांनी वाकलं.

पुढच्या वर्षी पावसाने पुन्हा ओढ दिली. सगळा गाव आभाळाकडे बघत होता. दामूकाका तेवढे आमच्या ओट्यावर येऊन निवांत बसले.

"पाऊस काय, येल तेवा येल. तू या रविवारी खेकडा धरायला येतोस ना रे?"