खेळण्यातल्या बंदुका, खरी करवत

झेंडूच्या देठाचा तो तुरट, ओला गंध आला की मला डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांतली खंडेनवमी आठवते, आणि तिच्यासोबत, हसू नका, संगणकातल्या बंदुका आठवतात!

नव्वदीची ती वर्षं. ठाण्याच्या कारखान्याला टाळं लागलं आणि फिटर असलेला माझा थोरला भाऊ घरी बसला. बसला तो मी शिकण्यासाठी आणलेल्या संगणकापुढे. सकाळपासून पडद्यावरच्या राक्षसांवर गोळ्या झाडायचा. ज्यांच्यावर रागवायचं ते हाती लागत नसले, की माणसानं करावं तरी काय? हत्यारांची त्याची पेटी पलंगाखाली धूळ खात होती आणि वहिनीचा सारा जीव त्या पेटीत अडकला होता. हा माणूस पुन्हा उठावा, एवढंच तिचं मागणं.

त्या खेळाची जन्मकथा मी एका मासिकात वाचली होती. करणाऱ्यांनी म्हणे दुकानातल्या खेळण्यातल्या बंदुकांची छायाचित्रं काढून ती पडद्यावर आणली. खेळातली यांत्रिक करवत मात्र खरी, कुणाकडून तरी मागून आणलेली. मी हे कौतुकानं सांगितलं, तर दादा म्हणाला, "म्हणजे टिकल्यांच्या बंदुकीनं लढतोय होय रे मी!" हसला आणि पुन्हा खेळू लागला. वहिनीनं मात्र ते ऐकून ठेवलं.

खंडेनवमीला तिनं विळी, कात्री, शिवणयंत्र पुसून मांडलं आणि सर्वांआधी संगणकालाच हळदकुंकू लावून झेंडू वाहिला. "बंदुका आहेत ना आत? मग पूजेतल्या हत्याराला आज हात नाही लावायचा, अहो!" रूढीचं बोट धरून माया किती हळुवारपणे आपला हट्ट पुरवून घेते! दादा संगणकापुढून उठला. रिकाम्या हातांनी घरभर फिरला, कोपरच्या खाडीपर्यंत चक्कर मारून आला, आणि दुपारी पलंगाखाली वाकला. कानस, पाने, करवत एकेक तेलानं पुसत बसला. करवतीवर फूल ठेवताना म्हणाला, "खरी तेवढी ही." त्याचे डोळे भरून आले होते, आणि वहिनी उगीचच पदराला हात पुसत होती.

पूजलेली हत्यारं दसऱ्याला उचलायची असतात. सकाळी दादानं पेटी उचलली आणि ठाकुर्लीच्या एका ओळखीच्या वर्कशॉपवाल्याकडे काम विचारायला निघाला. संगणकावरचा झेंडू त्या दिवशी कुणी काढलाच नाही; तो तिथंच सुकला, आणि घरात कितीतरी दिवस तोच तुरट गंध होता.