सहलीसाठी ओढून घेतलेलं वर्ष

वडील गेले त्या वर्षी आमच्या घरी दिवाळीत कढई ठेवली नाही. वर्ष पुरं होईपर्यंत घरात तळण करायचं नाही, ही आमच्याकडची रीत. शेजारच्या घरांतून चकल्या-लाडवांची ताटं आली, ती आईने ओट्यावर झाकून ठेवली. पाडव्याला पिंपरीहून थोरला भाऊ, वहिनी आणि त्यांची मुलं आली. वहिनीने दुकानातला फराळाचा खोका आणला होता. तो उघडायच्या आधीच भावाने फोन काढला आणि आम्हाला एक डोंगर दाखवायला लागला.

डोंगर पांढराशुभ्र होता. रंगीत कपड्यांतली माणसं पायांना लांब पट्ट्या बांधून त्यावरून खाली येत होती. उत्तराखंडात औली म्हणून जागा आहे, नाताळच्या सुट्टीत तिथे जायचं, मुलं स्कीइंग शिकतील, असं भावाने सांगितलं. डेहराडूनपर्यंत विमान, पुढे गाडी, वर आठवडाभर मुक्काम.

"सगळ्यांनी जायचं," तो म्हणाला. "आईनं पण आणि तू पण. घरात बसून बसून दोघं आंबून गेलाय. बुकिंग झालंय."

मी तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. लग्न केलं नाही. डिंभ्याच्या अलीकडे आमचं गाव आहे, तिथे आईवडिलांजवळच राहिलो. वडिलांच्या आजारपणात शेवटचे महिने त्यांच्या उशाशी मीच होतो. भाऊ रविवारी यायचा, डॉक्टरांशी फोनवर इंग्रजीत बोलायचा आणि संध्याकाळच्या आत परत निघायचा. पेठच्या पुढे गाड्या तुंबतात, हे त्याचं कारण असायचं.

मी विचारलं, "आण्णांच्या वर्षाचं काय?"

"ते जानेवारीत आहे ना. आपण डिसेंबर संपायच्या आत घरी. मी सगळं बघून केलंय."

त्याने तारीख बघितली होती. वडील जानेवारीत गेले, एवढंच त्याच्या लक्षात होतं, मुलांच्या परीक्षेचं वेळापत्रक लक्षात असावं तसं. पण वर्षश्राद्ध तारखेने होत नाही, तिथीने होतं, आणि मध्ये अधिक महिना नसला की तिथी दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकते. वडील पौषातल्या शुद्ध अष्टमीला गेले. मी दारामागचं कॅलेंडर काढून आणलं आणि डिसेंबरचं पान त्याच्यापुढे धरलं. अष्टमी त्यांच्या मुक्कामाच्या बरोबर मध्यात येत होती.

भावाने पान बघितलं, वहिनीकडे बघितलं. ती म्हणाली, "आम्हाला कुठं माहीत होतं भावजी? तिकडं कोण तिथी बघतं?"

"बाप एकदाच मरतो," मी म्हणालो. "त्याची तिथी बघायला काय जड होतं?"

त्या खोलीत मी एवढ्या मोठ्याने कधी बोललो नव्हतो. मुलं फोनवरून मान वर करून माझ्याकडे बघायला लागली.

अग्नी थोरल्याने दिला होता, तेव्हा वर्षाला बसायचंही त्यानेच. मी म्हणालो, तुम्ही खुशाल जा, मी बसतो. यावर भाऊ उखडला. "म्हणजे गावानं म्हणायला मोकळं, थोरला बर्फात लोळत होता अन् धाकट्यानं बापाला पाणी दिलं. तुला तेच पाहिजे. मला खाली मान घालायला लावायला तू वर्षभर टपून बसलायस." मी नाही म्हणालो नाही. त्यात काही प्रमाणात खरं होतं आणि त्या क्षणी त्याची लाज वाटली नाही.

आवाज ऐकून शेजारून चुलते आले. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी फोनमधला डोंगर लांब धरून बघितला.

"घसराया एवढं लांब?" ते म्हणाले. "हितं कॅनॉलच्या शेवाळावर पाय ठिव. फुकाट घसरशील, अन् थेट खालच्या रानातल्या पोटचारीत निघशील."

मुलं हसली. भाऊही हसला, आणि भांडण त्याच्या बाजूला कलतंय हे माझ्या ध्यानात आलं. चुलत्यांनी मग खाली बसून पानाला चुना लावत तोड काढली. "आरं, घरात लगीन निघालं की अकराव्या म्हैन्यात वरीस वडून घेत्यात का न्हाई? तसं घ्या. बसंना का थोरला, अन् जाऊ द्या त्यास्नी."

"ते लग्नासाठी, काका," मी म्हणालो. "दुखवट्यात पोरीचं लग्न अडू नये म्हणून ती सवलत. घसरायला जाण्यासाठी नाही."

"सवलत ती सवलत," भाऊ म्हणाला.

त्याने तिथूनच भटजींना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. भटजींच्या मागे कुठेतरी कुकरची शिट्टी होत होती. मंगलकार्य असेल तर वर्ष आधी घेता येतं, असं ते म्हणाले. भावाने विचारलं, कुटुंबाची सहल धरून चालेल का. भटजी म्हणाले, "मंगल काय ते तुम्ही ठरवायचं. मला दिवस सांगा, मी येतो." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

माझा शेवटचा भरवसा आईवर होता. हे सगळं चाललं असताना ती चुलीपाशी भाकऱ्या करत होती. ती नाही म्हणाली की भावाचं काही चालणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. सगळे अंगणात गेल्यावर मी तिच्याजवळ गेलो. "तू सांग त्याला. अष्टमीला तो इथं पाहिजे. निदान पहिल्या वर्षी."

आईने तवा उतरवला. "वडून घ्या वरीस," ती म्हणाली. "मला बी जायचंय."

"कुठं जायचंय?"

"तो सांगतो तिथं. मला काय नाव म्हाईत." मग माझ्याकडे न बघता ती बोलत राहिली. "तुझ्या आण्णांनी मला ओझरच्या पल्याड कदी नेली न्हाई. गणपतीला न्यायचं, दर्शन झालं की म्हशीच्या धारेच्या आत माघारी. देवापुढं बी घड्याळ बघायचं. माझी भन नाशकाला दिली, तिचं घर मी तिच्या मयतीला बघितलं. आता एक वरीस त्यांचं पाळलं. अजून काय पाळू?"

"ते तसे नव्हते," मी म्हणालो.

"तुला न्हवते. कांद्याची गाडी घेऊन पुण्याला गेलं की तुला रद्दीतली बुकं आणायचं. मला काय आणलं, सांग."

वडील पुण्याहून आले की पिशवी सरळ माझ्या मांडीवर ठेवायचे. त्या पिशवीत आणखी कोणासाठी काही असायला हवं होतं, हे लहानपणी मनात आलं नव्हतं, मोठेपणीही नाही. पण त्या दिवशी मला आईची कीव आली नाही. ती माझ्या विरुद्ध गेली आहे, एवढंच दिसत होतं. ज्या माणसाला मी वर्षभर धरून बसलो होतो, त्याला ती सोडून द्यायला निघाली होती, आणि कारण म्हणून बर्फाचा डोंगर पुढे करत होती.

मार्गशीर्षाच्या सुरुवातीला वर्ष झालं. भाऊ आदल्या दिवशी आला. पिंड देताना त्याचा फोन सोवळ्याच्या घडीत थरथरत राहिला. भटजींनी नाव, गोत्र विचारलं. आजोबांचं नाव त्याला आठवेना, ते मी मागून सांगितलं. पंगत उठल्यावर दुखवटा काढायची वेळ आली. पाहुण्यांनी भावाला टॉवेल-टोपी केली, त्याच्या तोंडात जिलबी भरवली आणि म्हणाले, सुटला दुखवटा, आजपासून गोडधोड, सणवार सगळं करा. मग चुलते जिलबी घेऊन माझ्याकडे वळले.

"आ कर भाऊ. लई दिस तोंड बांधलंयस."

मी तोंड उघडलं, घास घेतला, आणि सगळ्यांसमोर तो हातावर काढून पत्रावळीवर ठेवला. माझं वर्ष अष्टमीला आहे, असं मी म्हणालो. चुलत्यांनी हात धोतराला पुसला. वहिनी दाराआडून म्हणाली, "शिकलेल्या माणसाचं असंच असतं," आणि एक म्हातारी पाहुणी तोंडाला पदर लावून हसली. त्यानंतर चुलते माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. मलाही त्यांच्याशी बोलायचं नव्हतं.

पुढचे दिवस घरात फक्त सहलीचंच बोलणं. वहिनी रोज संध्याकाळी आईला फोन करायची. थर्मल कोणत्या मापाचं, हातमोजे दोन जोड लागतात, बूट तिथे भाड्याने मिळतात, साडी चालणार नाही. आई दार लावून वहिनीने पाठवलेली ट्रॅकपँट घालून बघायची आणि आत एकटीच हसायची. मी बाहेर पुस्तक उघडून बसायचो आणि पान उलटत नसे. एके दिवशी ती माझ्या कपाटापाशी येऊन उभी राहिली.

"तो तपकिरी स्वेटर दे. त्यांचा."

वडिलांचे बाकीचे कपडे वाटून टाकले होते. तेवढा एक स्वेटर मी ठेवून घेतला होता.

"तो नाही. दुसरा आणून देतो."

"त्योच गरम हाय."

"तो मी ठेवलाय, आई."

"माझ्या नवऱ्याचा हाय," ती म्हणाली. "तू ठिवलायस म्हणून तुझा झाला का?" कपाट तिनेच उघडलं. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. स्वेटर उन्हात झटकून तिने बॅगेत घातला. मी तिच्याबरोबर जाणार नाही, हे मी पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "नगंस येऊ. तुझं तोंड बघत कुठं घसरू?"

ती सहलीला निघाली त्या सकाळी मी दारापर्यंत सोडायलाही गेलो नाही. भावाची गाडी दारात आली, बॅगा चढल्या, आणि माझ्या शाल पांघरलेल्या पाठीला वहिनीने "येतो भावजी" म्हटलं.

अष्टमीला मी रजा काढली. सकाळी भटजींकडे गेलो आणि म्हणालो, निदान तर्पण तरी सांगा. त्यांनी मला चहा दिला. "वर्ष एकदा झालं की झालं," ते म्हणाले. "आता पुढच्या वर्षी श्राद्ध. मध्ये काही नाही." मी म्हणालो, पण आजच ते गेले. ते म्हणाले, "त्याला मी काय करू? तुमच्याच घरानं ठरवलं."

घरी आलो. ज्या दिवसासाठी मी सगळ्यांशी भांडलो, तो दिवस माझ्या हातात होता, आणि त्यात करायला काही उरलं नव्हतं. मी अंघोळ केली होती, कपाळाला काही लावलं नव्हतं, चूल पेटवली नव्हती. वडिलांच्या रिकाम्या कॉटवर बसून राहिलो. शेतावर मोटार सुरू झाली, बंद पडली, पुन्हा सुरू झाली.

दुपारी फोन आला. नातवाने लावून दिला असणार, पण बोलत आई होती. वाऱ्याचा आवाज एवढा होता की ती ओरडून बोलत होती.

"जेवलास का?"

"नाही."

"अष्टमी हाय. म्हाईत हाय मला. सकाळी उठल्या उठल्या म्हाईत व्हतं."

मी कॉटवरून उठून दारात आलो.

"मी पडले. दोनदा. उतारावर नुसतं उभं केलं अन् सुटलेच खाली, पाय कुठं अन् मी कुठं. एका पोरानं धरली. लई हसले." ती दम घ्यायला थांबली. "मग वाटलं, आज हसाय नगं व्हतं. पण हसू थांबंना. आता तुला कसं सांगू?"

"मला सांगूच नको," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. "भाकरी टाकून खा. उपाशी राहून त्यास्नी काय पोचत न्हाई." फोन तिच्याकडून बंद झाला, की डोंगरावर रेंज गेली, कळलं नाही. मी परत लावला नाही. रात्रीपर्यंत काही खाल्लंही नाही. वडिलांसाठी की तिने सांगितलं म्हणून, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

ती परत आली तेव्हा तिच्या नाकाचं साल निघालं होतं आणि ओठ उलले होते. बायका दारापुढच्या ओट्यावर जमायच्या आणि ती त्यांना बर्फ सांगायची: मिठासारखा नसतो, भुसभुशीत असतो, त्यात बसलं की आधी काही वाटत नाही, मग एकदम चावतो. मी घरात आलो की ती विषय बदलायची. तिचं असं जपून वागणं मला जास्त टोचायचं.

जानेवारी संपता संपता एका संध्याकाळी भावाचा फोन आला. माझ्या प्रकृतीची चौकशी न करता तो म्हणाला, "पुढच्या पौषात अष्टमी कुठं येते ते बघून ठेव. आधी कळलं तर बरं. घोळ नको परत."

मी ते बघून ठेवलं होतं. मध्ये अधिक महिना येतो, त्यामुळे पुढची अष्टमी नाताळ उलटून जाईल, थेट जानेवारीच्या मध्यात. त्याची सुट्टी मोकळी, कोणाचं काही ओढून घ्यायला नको. ज्यावरून घर फुटलं ते पुढच्या वर्षी आपोआपच घडणार नव्हतं. हे त्याला सांगायला माझी जीभ उचलेना.

"भटजींना विचार," मी म्हणालो. "तुझ्या सोयीचं ते बरोबर सांगतात."

"लई झालं तुझं," आई मागून म्हणाली. तिने माझ्या हातातून फोन घेतला, कानाला लावला आणि भावाला विचारलं, औंदा कुठं जायचं.