कापलेल्या फोटोतला हात

नांदेडहून लातूरला मी कितीदा तरी गेलेय, पण लग्नाला नाहीतर दवाखान्याला. फोटो बघायला पहिल्यांदाच. जळकोटच्या एका तरुण चित्रकर्तीनं इंग्रजांच्या काळातल्या मजुरांच्या फोटोंवर काम केलंय, एवढंच ऐकलं होतं. आई म्हणाली, "मी बी येते."

जाणार असाल तर सकाळची एसटी धरा. लोहा, अहमदपूर, चाकूर करत साडेतीन तास लागतात. बायकांना अर्धं तिकीट. अहमदपूरच्या स्टँडबाहेर पोह्यांसारखा परतलेला मुरमुऱ्यांचा गरम सुशीला मिळतो, तो चुकवू नका.

प्रदर्शन कापसाच्या एका जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये होतं, प्रवेश मोफत. पहिल्याच फोटोत डोक्यावर खडीची पाटी घेतलेली बाई. हनुवटी वर, नजर समोर. खाली छापलेलं: 'रेल्वेच्या कामावरची धट्टीकट्टी कुली बाई.'

"काय ताठ उभी आहे बघ," मी आईला म्हणाले.

चित्रकर्ती जवळच होती. "हा तेव्हाच्या एका पुस्तकात छापलेला, कापलेला फोटो. पूर्ण फोटो मागच्या भिंतीवर आहे."

मागे गेलो. तीच बाई, पण आता तिच्या पाठीमागून कोटाची एक बाही आलेली. त्या हातानं तिचा अंबाडा मुठीत धरून मान मागं ओढलेली. चित्रकर्तीनं फक्त तो हात लाल रंगवला होता. मला पुढं बघवेना.

"ही हुबी न्हाई," आई म्हणाली. "हिला हुबं केलंय." आणि तिथंच खाली बसली.

चित्रकर्तीनं पाणी आणलं. ते हातातच धरून आई मला सांगू लागली.

"बाहत्तरच्या दुष्काळी कामावर तलाव खोदून राहिलो होतो. साहेब आले फोटो काढाया. तुझा दादा काखेत, चार महिन्यांचा. मुकादम म्हनला, लेकरू फोटोत नको. माझ्याकडून घेतलं अन् ढिगामागं उन्हात ठिवलं. ते रडून राहिलं, अन् साहेब म्हनला, जरा हसा. मी हसले."

इतक्या वर्षांत हे मी एकदाही ऐकलं नव्हतं.

"मावशी, हे रेकॉर्ड करू का?" चित्रकर्तीनं हळूच विचारलं.

"आधी माझ्या लेकाला सांगू दे."

लातूरचं बाकी काही पाहिलं नाही. मिळाली ती गाडी धरली. घरी दादा टीव्ही बघत होता. आईनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

"मला कुठं आठवतंय, आई," तो हसत म्हणाला.

"मला आठवतं ना."

त्यानं टीव्ही बंद केला, तिला बसवलं आणि तिच्या शेजारी बसला.

'ताठ' हा माझाच शब्द मला अजून टोचतोय. रविवारी आम्ही तिघं पुन्हा लातूरला जातोय. आई रेकॉर्डिंगसाठी बोलायला तयार आहे. दादानं तिला चिकटून बसायचं, एवढीच तिची अट आहे.