तिण्णैवरचं मोठ्यानं बोलणं

पिक-अप सर इंग्रजी शिकवताना फळ्यापाशी कधी उभे राहिले नाहीत. रुमाल खाली टाकायचे आणि म्हणायचे, "पिक अप." मुलानं तो उचलला की लगेच, "आता बसस्टँडवर जा. मामी पापनाशमहून येतात, त्यांना पिक अप करून आण." आजारातून उठलेला मुलगा दिसला की, "तब्येत पिक अप होते की नाही?" घरातला फोन वाजला तरी स्वतः उठायचे नाहीत, नुसतं बोट दाखवायचे. एका क्रियापदासाठी त्यांनी अख्खी गल्ली कामाला लावली, म्हणून हे नाव. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीतली कितीतरी मुलं त्या इंग्रजीवर परदेशी गेली. पहिला त्यांचा स्वतःचा मुलगा.

मामी, म्हणजे सरांची बायको, गेल्यावर सर एकटे राहिले. मी समोरच राहते. गल्लीत मराठी घरं आमची दोनच उरली होती, आणि माझी मुलंही उत्तर तमिळमध्येच देतात.

एका उन्हाळ्यात सरांची नात महिनाभर राहायला येणार होती. मराठी तिला थोडी कळायची, पण बोलायची फक्त इंग्रजी. आदल्या दिवशी सर माझ्या दारात उभे.

"पोरीला शिकवायचं नाही," ते म्हणाले. "शिकवायला बसलं की पळेल. भाषा कानावर पडून पडून येते. तेही पिक अपच. तूं रोज संध्याकाळीं ये, तिण्णैवर बसून मोठ्यानं बोलूं."

"काय बोलायचं, सर?"

"वांगीं."

मला यादीशिवाय काही जमत नाही. सोमवारी भाजी, मंगळवारी गळका नळ, बुधवारी माझ्या ओरत्तनाडूच्या आत्याचे गुडघे, असे विषय मी लावून घेतले. कचेरीतून आले की त्यांच्या दारापुढच्या ओट्यावर, तिण्णैवर, जाऊन बसायची. नात आत उंबऱ्याशी, कानांत हेडफोन.

"आत्याचे गुडघे कसे आहेत ग?" सर ओरडायचे.

"सर, मला ऐकू येतं."

"तुला कोण विचारतंय!"

मी उठले की रोजचा एकच प्रश्न, तमिळ हेल काढून, शेवट लांबवत: "उद्या येतेस की नाहीऽ?"

महिना संपला. नात मराठीत एक शब्द बोलली नाही. निघताना गाडीतून म्हणाली, "बाय, ताता." आजोबांनाही तमिळ शब्दच.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून आले, तर सर त्याच वेळेला तिण्णैवर येऊन बसलेले. मी गेले. त्या दिवशी विषय नळाचा होता. आम्ही हळू आवाजात बोललो.

"आली नाही तिला," मधेच ते म्हणाले.

"वेळ लागतो, सर."

"वेळ तिच्यापाशी आहे."

तरी आमचं बोलणं रोज चालू राहिलं, पुढची कित्येक वर्षं. वांग्यांवर सांगण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हाही.

गेल्या पोंगलच्या आधी सर गेले. मुलगा नातीला घेऊन आला, दिवसवार झाले, त्यानं घराला कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे ठेवायचं ठरलं होतं, म्हणून मी पलीकडे गेले. नात आता चांगली उंच झाली आहे. तिण्णैवर, सरांच्या जागी बसली होती. किल्ली घेऊन मी वळले, तशी मागून म्हणाली,

"उद्या येतेस की नाहीऽ?"

तोच हेल, शेवट तसाच लांबवलेला. मोठ्यांना असं विचारत नाहीत म्हणून वडिलांनी तिला इंग्रजीत दटावलं.

त्यांची गाडी त्याच संध्याकाळची होती. तिकिटं मीच काढून दिली होती.

"येते," मी म्हटलं.